राखून ठेवलेला जवाब

माझ्या वडिलांच्या एका गाण्याला शेवट होता, पण तो आमच्या घरात कोणीही ऐकलेला नव्हता. आईनंसुद्धा नाही. ती तर म्हणायची, "शेवट-बिवट काय न्हाई, नुसत्या बाता हायेत त्यांच्या." आबा मिशीवरून हात फिरवायचे आणि बैलांना वैरण टाकायला उठायचे.

आता कलगी-तुरा म्हटलं की पोरांना लग्नातला फेटा आठवतो, म्हणून जरा मागून सांगते. आबा शाहीर होते, कलगीवाले. अवसरी बुद्रुकला आमची जमीन, घर, सगळं. पण आबांची ओळख जमिनीवरून नव्हती, डफावरून होती. डफाला कलगी बांधलेली. मागे एक तुणतुणं, एक झांज आणि दोन झीलकरी. शाहिराच्या ओळीचं शेपूट उचलून उंच सुरात धरून ठेवायचं, तेवढ्यात शाहिरानं दम घ्यायचा, हे झीलकऱ्याचं काम. समोर तशीच दुसरी पार्टी, पण डफाला तुरा बांधलेली. आमची मंडळी शक्तीला मोठं मानणारी, समोरची शंकराला. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. सवाल म्हणजे कोडीच असायची, पण साधी नाहीत. पंचमहाभूतं, पुराणं, देहाची नऊ दारं, सगळं त्यात यायचं. एकेक गाणं तास-तास चालायचं, मध्येच चाल बदलायची, वेग बदलायचा, ऐकणाऱ्यानं झोपेत असलं तरी डोळे उघडावेत असं. स्टेज वगैरे प्रकार नव्हता. देवळापुढच्या एकाच मैदानावर दोन्ही पार्ट्या समोरासमोर, एकमेकांच्या घामाचा वास येईल इतक्या जवळ.

रिवाज असा होता. सवाल तीनदा विचारायचा. तिसऱ्यांदा विचारला की शाहीर थांबणार, डफ छातीशी आडवा धरणार. समोरच्याला जवाब येत असेल तर त्यानं गायचा. जवाब येत नसला आणि हार मानायची नसली, तर उलटा सवाल टाकून वेळ मारून न्यायची. आणि खरंच हरला, तर त्यानं बोलायचं काहीच नाही. आपल्या डफाचा तुरा सोडायचा, पुढे यायचं आणि तो समोरच्याच्या डफावर ठेवायचा. तुरा डफावर आला की मगच सवाल घालणाऱ्यानं आपल्याच सवालाचा जवाब गायचा. त्याआधी नाही. फुकटात जवाब देणं म्हणजे लेक वाऱ्यावर सोडणं, असं आबा म्हणायचे. मला लेकीची ही उपमा कधीच आवडली नाही, पण आबांना कोण सांगणार?

आबांनी स्वतः बांधलेल्या त्या मोठ्या गाण्यात शेवटी हा सवाल होता:

नव्हतं आभाळ, नव्हती धरती, नव्हता दिस अन् नव्हती रात,
पहिला नाद उमटला तवा कान कुणाचा व्हता जगात?

यापुढे एक कडवं होतं. तेच ते, कोणी न ऐकलेलं. आबांच्या दोन झीलकऱ्यांपैकी एक म्हणजे माझे धाकटे चुलते, जन्मभर आबांच्या पाठीमागे उभे राहिलेले, पण त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेपूट धरायला आधी ओळ तर यायला हवी. आबांचे पाय शाळेला फारसे लागले नव्हते. सही करायचे, एसटीची पाटी वाचायचे, एवढंच. गाणी सगळी डोक्यात.

हा सवाल खास एका माणसासाठी होता. लोणीचे शाहीर, तुरेवाले. माझ्या लहानपणी आसपासच्या कुठल्याही यात्रेला ही दोघं नाहीत असं होत नसे. आबा हा सवाल टाकायचे आणि लोणीचे शाहीर दरवेळी उलटा सवाल काढायचे. त्या उलट्या सवालाचा निकाल लागेपर्यंत उजाडायचं, कुस्त्यांची हलगी वाजायला लागायची आणि पंच म्हणायचे, "पुढच्या साली बघू." आबा घरी येऊन हातपाय धुताना पुटपुटायचे, "निसटला लेकाचा." त्या पुटपुटण्यात राग कमी आणि लाड जास्त असायचा, हे मला फार उशिरा कळलं.

मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एकेक थांबत गेलं. घरोघरी टीव्ही आले. यात्रेला ऑर्केस्ट्रा यायला लागला, झगमगीत कपड्यातल्या बाया आणि हिंदी गाणी. तास-तास कोडं ऐकत बसायला कोणाला वेळ होता? यात्रा कमिटीनं एका वर्षी आबांना संध्याकाळचा अर्धा तास दिला, दुसऱ्या वर्षी नारळ दिला, तिसऱ्या वर्षी विसरले. तुणतुणंवाला मंचरच्या बाजार समितीत बटाट्याच्या गोण्या उचलायला लागला. दुसरा झीलकरी वारला. आबांनी डफ माजघरातल्या खुंटीला लावला. पावसाळ्यात त्याचं कातडं इतकं सैल पडायचं की बोटानं टिचकी मारली तर ओल्या गोणपाटावर मारल्यासारखा आवाज यायचा.

माझं लग्न मढला झालं. माळशेजच्या वाटेवरचं गाव, पाऊस असा की चार महिने कपडे चुलीवर वाळवायचे. आमच्या देशावरच्या बायका मला चिडवायच्या, "भात खाऊन खाऊन फुगशील गं." मी अंगणवाडीत लागले, दोन मुलं झाली, माहेरी येणं दिवाळी आणि यात्रेपुरतं राहिलं. आले की आबा विचारायचे, "तुमच्या डोंगरात गाणं ऐकत्यात का कोण?" मी म्हणायची, "आबा, आमच्याकडे पाऊसच एवढा गातो की माणसाचं ऐकू येत नाही." हा आमचा ठरलेला संवाद होता. ते दरवेळी हसायचे. शेवटी शेवटी मात्र हसताना आबांना खोकला यायला लागला, आणि खोकल्यानंतर आवाज घोगरा व्हायचा तो तसाच राहायचा.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. मंचरच्या डॉक्टरांनी आबांना पुण्याला पाठवलं. तिथे घशात नळी घालून बघितलं आणि सांगितलं, गाठ आहे, आवाजाची पेटीच काढावी लागेल. माझा भाऊ बाहेर येऊन रडायला लागला. आबांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "यात्रेपातुर थांबतंय का?" डॉक्टर म्हणाले, थांबू नका. आबा म्हणाले, "थांबतंय म्हंजी." आणि थांबले. या हट्टाबद्दल मी त्यांच्याशी जितकी भांडले तितकी आयुष्यात कोणाशी भांडले नसेन. एका माणसाला जीव आणि आवाज यातला कुठला आधी ते कळू नये? पण आबांचा हिशेब सरळ होता. जीव राहणारच आहे असं डॉक्टर म्हणतोय, आवाज राहणार नाही म्हणतोय. मग घाई कशाची करायची?

ऑर्केस्ट्राची कल्पना माझ्या चुलतभावाची. तो नारायणगावच्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, केस मानेवर रुळणारे, स्वभावानं सोन्यासारखा. त्यानं कमिटीला पटवलं. गावच्या शाहिराची जुनी गाणी, नव्या वाद्यांबरोबर, मोठ्या स्टेजवर, आणि त्याचं रेकॉर्डिंग करून सीडी काढायची. "आबा, तुमचा आवाज ऱ्हाईल," असं तो म्हणाला. मला वाटलं आबा त्याला उभं जाळतील. आबा म्हणाले, "डफ शेकायला शेगडी मिळंल ना?"

तालमी एका रिकाम्या बटाट्याच्या वखारीत झाल्या. मी आबांच्या ऑपरेशनसाठी म्हणून आधीच माहेरी आले होते, रोज चहाची किटली घेऊन जायची. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बेस गिटार, ढोलकी, एक निवेदक आणि मध्ये आबा, टोपी मांडीवर ठेवून बसलेले. चुलतभाऊ विचारायचा, "आबा, कंची पट्टी?" आबा म्हणायचे, "गळा लागंल ती." ऑक्टोपॅडवाला ठेका धरायचा आणि आबा आपल्या मर्जीनं एखादा शब्द लांबवायचे, तो पोरगा बिचारा पुढे निघून जायचा आणि वळून बघायचा. पहिले चार दिवस नुसता गोंधळ. मग हळूहळू जमायला लागलं, आणि खोटं कशाला बोलू, एके दिवशी त्या जुन्या चालीखाली कीबोर्डचा सूर असा पसरला की माझ्या अंगावर काटा आला. गाणं तेच होतं, पण नदीला पूर आल्यावर नेहमीचाच काठ वेगळा दिसतो तसं झालं होतं. आबाही क्षणभर थांबले. म्हणाले, "लई मोठं झालं रं." ते कौतुक होतं की तक्रार, मला अजून ठरवता येत नाही.

धाकटे चुलते मात्र भिंतीला टेकून बसायचे. झील आता कीबोर्डच धरायचा. न दमता, न खोकता. "तुमी बी म्हना की," असं सगळे म्हणायचे, पण चुलते म्हणाले, "ते यंत्र श्वास घेतच न्हाई, म्या मधी कुटं शिरू?"

अडलं ते शेवटावर. तासाचं गाणं कापून निम्म्यावर आणलं, आबांनी तेही चालवून घेतलं. पण सवालाच्या जागी येऊन आबा थांबले आणि डफ खाली ठेवला.

चुलतभाऊ म्हणाला, "आबा, आता जवाब घ्या."

"हरलं कोन?"

"म्हंजी?"

"तुरा कुणी ठिवला माज्या डफावर? मग जवाब कुणाला देऊ? ह्या पेटीला?"

सगळ्यांनी समजावलं. आता कुठल्या पार्ट्या आणि कुठले तुरे! पुढच्या महिन्यात आवाज राहणार नाही. सीडीत सवाल राहील आणि जवाब राहणार नाही, लोक काय म्हणतील? आबा ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "सवाल घालून तिनदा थांबन. कुणी हरला तर गाईन. न्हाई हरला तर न्हाई." चुलतभावानं डोक्याला हात लावला, आणि मग त्याला एक युक्ती सुचली. त्या थांबण्याच्या जागी धूर सोडायचा. त्यांच्याकडे धूर सोडायचं यंत्र होतं. "निळी लाईट, खालून धूर, आबा मधी. लई भारी दिसंल, आक्का." मीही म्हटलं, सोड बाबा धूर.

त्या संध्याकाळी घरी जाताना मी आबांना म्हटलं, "कोणाला नका सांगू, पण मला तरी सांगा. मी तुमची लेक आहे."

आबा चालता चालता म्हणाले, "तुला कसा सांगू? तू काय शाहीर हायेस का? तू हरशील कशी?"

मला इतकं लागलं ते. जिंकायचं राहू द्या, आम्हा बायकांना त्या मैदानात हरायचीही सोय नव्हती. लहानपणी मी ते गाणं मागच्या ओसरीत बसून पाठ केलं होतं, चुलत्यांपेक्षा वरची झील मला लागायची, आणि आबांना ते माहीत होतं. मी त्या रात्री जेवले नाही. आबांनी विचारलंही नाही का जेवली नाहीस, कारण त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कोणाला न सांगता लोणीची गाडी धरली. लोणी आमच्या तालुक्याच्या पार पूर्वेला, उन्हाचं गाव. शाहीर कांदा साठवायच्या बराखीच्या सावलीत बाजेवर बसले होते, गुडघे दोन्ही हातांनी धरून. म्हातारे झाले होते, पण डोळे तेच, टपोरे. मी कोणाची ते सांगितलं तर म्हणाले, "नाकावरनंच वळखलं. बस पोरी." त्यांच्या मालकिणीनं चहा केला. मी सगळं सांगितलं. गाठ, ऑपरेशन, ऑर्केस्ट्रा, अडलेला शेवट. आणि मग, चहा अर्धा असतानाच, जे मागायला आले होते ते मागितलं.

"बाबा, यात्रेला या. आणि एकदा हरा. खोटं खोटं. त्यांच्या गळ्यातून तो जवाब निघू द्या, नाहीतर तो कायमचा जाईल."

त्यांनी कप खाली ठेवला. "खोटं हरायला सांगतीस? त्याला कळलं तर? त्यो तसाच डफ माज्या डोक्यात घालंल." बराखीतून उग्र वास येत होता, कुठेतरी कांदा सडायला लागला होता. उठताना मी पुन्हा विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "येतो म्हनून सांग. बाकीचं मैदानात."

मी घरी येऊन सांगितलं, लोणीचे शाहीर येणार आहेत. आबांच्या तोंडावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. त्यांनी त्याच दुपारी न्हाव्याला घरी बोलावलं. डफ खुंटीवरून काढला, कलगी साबणाच्या पाण्यात धुऊन उन्हात ठेवली. कोंबडा लग्नाला निघालाय असं आई म्हणाली. घोगऱ्या आवाजात ते दिवसभर ते गाणं पुटपुटत होते, आणि सवालापर्यंत आले की गप्प व्हायचे, पण ओठ हलत राहायचे. तेवढंच मला त्या कडव्याचं दर्शन. हलणारे ओठ.

यात्रेच्या दिवशी शाळेच्या मैदानात स्टेज होतं. पिंपांवर फळ्या, वर लाल कापड, उंची माणसाच्या खांद्यापर्यंत. आबांना लोखंडी शिडीवरून दोघांनी धरून चढवलं. शेगडी मागे ठेवली होती, तिच्यावर डफ शेकला. मी बायकांच्या बाजूला होते, बरीच मागे. लोणीचे शाहीर पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर दिसले, मांडीवर त्यांचा डफ, डोक्याला पांढरा फेटा. निवेदकानं ओळख करून देताना "एका युगाचा अस्त" वगैरे म्हटलं. आबा स्टेजवर जिवंत उभे होते, आणि हा अस्त करून मोकळा झाला.

आबा गायले. त्या घशातून ते कसे गायले, मला माहीत नाही. आवाज फाटका होता, पण फाटक्या घोंगडीतही ऊब असते. कीबोर्डचा सूर त्यांच्या पाठीशी उभा राहिला, ढोलकी चालली आणि टीव्ही सोडून आलेली माणसं गप्प बसली. सवाल आला. पहिल्यांदा विचारला, डफ वाजवला. दुसऱ्यांदा विचारला. तिसऱ्यांदा विचारला आणि आबांनी डफ छातीशी आडवा धरला.

ठरल्याप्रमाणे धूर सुटला. निळे लाईट लागले. पुढची तरणी पोरं उठून शिट्ट्या मारायला लागली. मला स्टेजची कडा दिसेना, पुढची रांग दिसेना, फक्त धुराच्या वर आबांचा फेटा आणि चेहरा. ते डोळ्यांवर हात धरून खाली बघत होते, डावीकडे, उजवीकडे. शांतता फार झाली असं वाटून कीबोर्डनं काहीतरी भरायला सुरुवात केली. निवेदक म्हणाला, "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" टाळ्या झाल्या. धूर विरला तेव्हा लोणीचे शाहीर आपल्या खुर्चीत बसलेले होते, मान खाली. आबांनी दोन्ही हात जोडले आणि मागे वळले. पुढचं गाणं हिंदी होतं.

मी मागच्या बाजूला धावले. आबा शिडी उतरून शेगडीजवळ उभे होते.

"आला व्हता का त्यो?"

"आले होते. पुढेच बसले होते."

"बसला व्हता," आबा म्हणाले. "म्हंजी न्हाई हरला. आन् उलटा सवाल बी न्हाई टाकला. बोलला सुदीक न्हाई." त्यांचे डोळे भरून आले होते. धुरानं असेल असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "व्हय, धूरच."

लोणीच्या शाहिरांना गाठायला मी पुढे गेले तर ते निघून गेले होते. माझा संताप संताप झाला. एवढं तोंड वेंगाडून मागितलं, एवढा लांबचा प्रवास करून ते आले, आणि खुर्चीत बसून राहिले! मनातल्या मनात मी त्यांना नाही नाही ते बोलले. पुढे वर्षभर बोलत राहिले.

ऑपरेशन झालं. आबांच्या गळ्याला भोक पडलं, त्यावर पांढरा कपडा असायचा. ते खुणांनी बोलायचे, पाणी, भाकर, दार लाव. कडव्यासाठी कुठली खूण करणार? मी एकदा विचारलं, आबा, आता तरी. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली. त्यांना सांगायचं नव्हतं की सांगता येत नव्हतं, हे मला कळलं नाही. सीडी आली, चुलतभावानं सगळ्यांना वाटली. ती लावली की आबा उठून गोठ्यात जायचे. वर्ष आणि वर थोडे दिवस काढले, आणि गेले.

दशक्रियेला घोडनदीच्या काठी माणूस बराच जमला होता. प्रवचन झालं, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. एकानं आबांना थोर कीर्तनकार म्हटलं, दुसऱ्यानं बैलगाडा शर्यतीची आठवण सांगितली, आबांनी जन्मात बैल पळवला नव्हता. मी दात आवळून बसले होते. पांगापांग झाल्यावर काठी टेकत कोणीतरी माझ्याकडे येताना दिसलं. लोणीचे शाहीर. मी तोंड फिरवलं असतं, पण म्हाताऱ्या माणसाला दहाव्याच्या जागेवर काय बोलायचं.

ते म्हणाले, "पोरी, एक मागनं हाय. माजा तुरा आबानं कुटं ठिवलाय? परत नको मला. नुसता बगायचा व्हता, त्याच्या डफावर."

मला कळेना. "कुठला तुरा?"

"यात्रेतला. तिसऱ्या सवालाला सोडला न्हाई का म्या? पुढं गेलो. स्टेज ह्या हितपातुर, हात पोचंना डफापातुर. म्हनून त्याच्या पायापाशी कडंला ठिवला. त्यो माज्याकडंच बगत व्हता, डोळ्याव हात धरून." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "तरी जवाब दिला न्हाई. म्या खुर्चीत येऊन बसलो, वाट बगितली. म्हटलं, इतकी वरसं झुलवलं म्हनून राग धरला आसंल. तुरा घेऊन बी जवाब दिला न्हाई त्यानं."

"बाबा," मी म्हटलं, "त्यांना दिसलंच नाही हो. धूर सोडला होता. त्यांना वाटलं तुम्ही उठलाच नाहीत."

वर्षभर एक म्हातारा अवसरीत मनात कुढत होता आणि एक लोणीत, मधल्या अंतराला एसटीनं दोन तास लागत नाहीत.

चुलतभाऊ शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा पडला. "आक्का, स्टेजच्या कडंला एक गोंडा गावला व्हता मला. वाटलं, कुनाच्या फेट्याचा सुटला. वायरींच्या पेटीत टाकला व्हता." तो गाडी काढून गेला. आम्ही घरी येईपर्यंत तो पेटीच घेऊन आला होता. तळातून, जुन्या वायरींच्या खालून, तो तुरा निघाला. लाल रेशीम, जरीची किनार, चपटा झालेला, एका बाजूला काळ्या चिकटपट्टीचा डाग. मी तो डाग नखानं काढायला लागले तर शाहीर म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

मग मी ते विचारलं जे मला लोणीलाच विचारायला हवं होतं. "बाबा, मी खोटं हरायला सांगितलं होतं, म्हणून सोडलात ना? तुम्हाला जवाब ठाऊक असेल. इतकी वर्षं ऐकलाय सवाल."

"ठावं असता तर तुरा सोडला असता का?" ते म्हणाले. "खराच हरलो व्हतो. पयल्या साली बी हरलो व्हतो. कबूल करायला एवढी वरसं लागली."

आबा जिंकले होते. त्यांच्या आयुष्यात त्यांना हवी होती ती एकच गोष्ट घडली होती, त्यांच्या पायापाशी, आणि त्यांना कोणी सांगितलं नाही. मी भिंतीला धरून रडले. आई माजघरातून बघत होती.

शाहिरांनी तुरा हातात घेतला. खुंटीवर आबांचा डफ होता, तो मी काढून पाटावर ठेवला. ते पुढे आले, वाकायला त्यांना फार त्रास झाला, आणि तुरा त्यांनी डफावर ठेवला, कलगीच्या शेजारी. मग मागे सरून काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. रिवाजाप्रमाणे आता जवाब यायचा होता. धाकटे चुलते दारात येऊन उभे राहिले होते. आम्ही सगळे त्या डफाकडे बघत राहिलो, मीसुद्धा, वेड्यासारखी.

बऱ्याच वेळानं शाहिरांनी फेटा सारखा केला आणि विचारलं, "लोणीची गाडी कितीला हाय गं?"